जुन्या मध्यवस्तीचा आराखडा बदलतोय: काळजी कशाची करायची आणि हरकत कशी लिहायची

प्रश्न थोडक्यात असा आहे. शहराच्या जुन्या मध्यवस्तीचा सुधारित प्रारूप विकास आराखडा महापालिकेने प्रसिद्ध केला आहे. विचारणारे एका वाड्यात भाडेकरू आहेत आणि खाली रस्त्याला लागून वडिलांच्या काळापासूनचं दुकान आहे. समोरचा रस्ता जेमतेम ९ मीटरचा, पण नकाशात त्यावर १२ मीटरची रेषा आली आहे. मागच्या बाजूचं शाळेचं आरक्षण दिसेनासं झालं आहे, पिवळ्या रंगाचा काही भाग निळा झाला आहे आणि दोन आळ्या मिळून पुनर्विकासाचा एक पट्टा आखला आहे. आळीत सभा झाली. 'आराखडा रद्द करा' असा छापील अर्ज सह्यांसाठी फिरतो आहे. त्यावर सही करावी का, यातली कुठली भीती खरी, आणि हरकत घेऊन काही होतं का?

सही करून टाका, पण तिच्यावर विसंबू नका. मी नगररचनेच्या कामात आयुष्य काढलं, आधी सरकारी टेबलाच्या त्या बाजूला आणि मग या बाजूला. एक गोष्ट दोन्हीकडून सारखीच दिसली: लोक नकाशातल्या रंगाला घाबरतात आणि रस्त्याच्या रुंदीकडे बघतही नाहीत. मध्यवस्तीचं खरं भवितव्य रुंदीत आणि नियमावलीच्या एखाद्या पोटकलमात असतं.

रंगाचं आधी उरकतो. पिवळा म्हणजे रहिवास, निळा म्हणजे वाणिज्य. निळा झाला की घरं उठवून मॉल येणार, असं सभेत कुणीतरी सांगितलं असणार. तसं होत नाही. तुमच्या रहिवासी वापराला रंग बदलल्यामुळे कुणी नोटीस देत नाही. शिवाय मध्यवस्तीत खाली दुकान, वर घर हा मिश्र वापर आधीपासून आहे आणि राज्याची एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, म्हणजे आपण जिला यूडीसीपीआर म्हणतो ती, रहिवासी पट्ट्यातही बरेच व्यापारी वापर चालवून घेते. ही नियमावली डिसेंबर २०२० पासून मुंबई आणि काही ठरावीक क्षेत्रं सोडून राज्यभर लागू आहे. तिच्यात कोणत्या रस्त्यावर कोणता वापर चालेल, हेसुद्धा बऱ्याच अंशी रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. रंग बदलल्याने फरक पडतो तो हळूहळू: जागेची किंमत वाढते, मालकाला भाडेकरू नकोसा होतो, कर आणि भाडी सरकतात. ही काळजी खरी आहे, पण 'निळा रंग नको' एवढं म्हणून ती मांडता येत नाही.

आता रुंदी. आपल्याकडे एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येतं ते प्रमाण, रस्त्याला बांधलेला आहे. दाट वस्तीबाहेरचं उदाहरण घ्या, तिथे हिशेब स्वच्छ दिसतो. मूळ एफएसआय १.१०. रस्ता ९ मीटरपेक्षा अरुंद असेल तर प्रीमियम, म्हणजे जादा बांधकामाचं शुल्क, भरून किंवा टीडीआर, म्हणजे दुसरीकडे जागा दिल्याबद्दल मिळालेला बांधकामाचा हक्क, आणून वर काही चढवता येत नाही. रस्ता ९ ते १२ मीटरमध्ये असेल तर सगळं मिळून २.०० पर्यंत जाता येतं, आणि ३० मीटर किंवा त्याहून रुंद रस्त्यावर ३.०० पर्यंत. शिवाय रहिवासी बांधकामाला ६० टक्के पूरक एफएसआय वेगळा. गावठाण आणि दाट वस्तीचे आकडे निराळे आहेत, पण चाल तीच: रुंदी वाढली की पायरी वर. त्यामुळे कुणी १२ मीटरची रेषा मारतो तेव्हा तो फक्त वाहतूक सोडवत नसतो. त्या रस्त्याच्या दोन्ही कडांना किती मजले उभे राहतील, हे तो त्याच रेषेने ठरवत असतो. मेट्रोच्या स्थानकाजवळ असाल तर आणखी एक थर येतो. पुण्यात आणि नागपुरात मेट्रो पट्ट्यासाठी एफएसआय ४ पर्यंत नेणारे नियम आहेत, अर्थात भूखंड आणि रस्ता तेवढा मोठा असेल तर. आराखड्याचा नकाशा बघताना आधी रस्त्यांचे आकडे वाचा, रंग नंतर.

तुमच्या दुकानाचा हिशेब करू. ९ चा १२ म्हणजे मधोमध धरलं तर प्रत्येक बाजूने दीड मीटर, जवळपास ५ फूट. मध्यवस्तीतल्या दुकानांची खोली किती असते? १० फूट खोल दुकान निम्मं गेलं. १५ फुटांचं असेल तर तिसरा हिस्सा गेला. आणि रेषा मधोमध असेलच असं नाही. कधीकधी ती एका बाजूला सरकवलेली असते, समोर एखादी मोठी इमारत किंवा देऊळ असतं म्हणून. टेप घेऊन प्रत्यक्ष मोजा आणि नकाशातल्या रेषेशी ताडून बघा. 'आमच्या बाजूने ३ मीटर आणि समोरून शून्य, हे का?' हा प्रश्न सुनावणीत उत्तर द्यायला लावणारा आहे.

इथेच भाडेकरू आणि मालक यांच्या वाटा वेगळ्या होतात, आणि आळीच्या सभेत हे कुणी बोलत नाही. रस्त्यासाठी जागा दिली की मोबदला टीडीआर, जादा एफएसआय किंवा पैशांत मिळतो, आणि तो जमिनीच्या धारकाला मिळतो. दाट वस्तीत टीडीआरची पट चांगली असते, म्हणून काही मालक रुंदीकरणाला मनातून राजी असतात. ज्याचं दुकान निम्मं कापलं जातं त्या भाडेकरूच्या हातात त्या टीडीआरमधलं काही पडत नाही. तेव्हा मालक आणि तुम्ही एकाच अर्जावर सही करत असलात तरी तुमचा स्वतंत्र अर्ज हवाच. भाडेकरू म्हणून हरकत घेता येते. कायद्यात फक्त मालकानेच लिहावं असं कुठेही नाही.

आणखी एक गुंता. विकास आराखड्यातलं रुंदीकरण वेगळं आणि महापालिका अधिनियमाच्या कलम २१० खालची रस्तारेषा वेगळी. दुसरी आखायला पूर्ण आराखडा लागत नाही, आयुक्तांच्या पातळीवर सुरू होऊन ती मंजूर होते. आराखड्यातून रेषा गेली म्हणून पेढे वाटले आणि दोन-चार वर्षांनी २१० ची नोटीस आली, असंही घडतं. तुमच्या रस्त्यावर आधीची अशी एखादी रेषा आहे का, हे माहिती अधिकारात आजच विचारा.

प्रारूप आहे म्हणजे अजून काही लागू नाही, असा समज असतो. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६, याच्या कलम ४६ प्रमाणे परवानग्या देताना प्रसिद्ध झालेल्या प्रारूपाचाही विचार करावा लागतो. तुमच्या मालकाने उद्या बांधकामाचा नकाशा टाकला तर नवी रेषा सोडूनच तो मंजूर होण्याची शक्यता जास्त. म्हणून 'बघू, मंजूर झाल्यावर बोलू' हे धोरण चुकीचं ठरतं.

आरक्षणाकडे येतो, कारण माझ्या मते तुमच्या प्रश्नातला सर्वांत गंभीर मुद्दा तोच आहे आणि तुम्ही तो ओझरता लिहिला आहे. शाळेचं आरक्षण 'दिसत नाही' याचे अर्थ चार असू शकतात. ते उठवलं असेल. दुसरीकडे हलवलं असेल. जुन्या आराखड्यातलं आरक्षण १० वर्षांत संपादित झालं नाही आणि कलम १२७ खाली मालकाने नोटीस देऊन पुढच्या २४ महिन्यांतही काही हललं नाही, तर ते व्यपगत होतं, म्हणजे आपोआप सुटतं. तसं झालं असेल. किंवा समावेशक आरक्षण झालं असेल, म्हणजे मालकाने भूखंडाच्या एका भागात सुविधा बांधून द्यायची आणि उरलेल्यावर स्वतःचं बांधकाम करायचं. या शेवटच्या प्रकारात कागदावर शाळा राहते, पण मैदान जातं. जुना मंजूर नकाशा आणि नवा प्रारूप नकाशा एकाच प्रमाणात शेजारी ठेवा, आरक्षण क्रमांक जुळवा आणि प्रत्येक बदलाला आराखड्यासोबतच्या अहवालात कारण दिलं आहे का ते शोधा. अहवाल जाड असतो, भाषा रुक्ष असते, पण बदलांची यादी त्यातच सापडते. कारण दिलेलं नसेल तर तीच तुमची हरकत. कायद्याने आराखड्यापूर्वी विद्यमान जमीनवापर नकाशा करावा लागतो. त्यात तुमच्या भागातली शाळा, दवाखाना, सार्वजनिक विहीर चुकीची दाखवली असेल तर तेही पुराव्यानिशी लिहा. मुंबईचा २०१५ चा प्रारूप आराखडा अशा चुकांनी इतका बदनाम झाला की राज्य सरकारने तो त्याच वर्षी एप्रिलमध्ये बाजूला ठेवायला लावला आणि २०१६ मध्ये नव्याने प्रसिद्ध करावा लागला. तिथे लोकांच्या घोषणांपेक्षा जास्त काम केलं ते नकाशातली ठिकाणं दाखवून दिलेल्या चुकांनी.

पाणी आणि ड्रेनेज. इथे लोक 'ताण पडेल' लिहितात आणि अधिकारी 'नोंद घेतली' लिहितो. आकडा लिहा. समजा, त्या पट्ट्यात २०० सदनिका वाढणार आहेत. घरटी साडेचार माणसं धरली तर ९००. शहरी पाणीपुरवठ्याला धरलं जाणारं प्रमाण माणशी रोज १३५ लिटर, म्हणजे दिवसाला १,२१,५०० लिटर. त्यातलं ८० टक्के सांडपाणी होऊन परत येतं, म्हणजे ९७ हजार लिटरच्या वर. तुमच्या आळीखालची ड्रेनेजची वाहिनी किती व्यासाची आणि कधीची आहे, हे महापालिकेच्या जलनिस्सारण विभागाला विचारा आणि दोन आकडे शेजारी मांडा. प्रतिवाद करायला अभियंता लागेल, आणि नेमकं तेच व्हायला हवं आहे. आगीच्या बंबाचंही असंच. तुमच्या आळीच्या तोंडाशी वळण किती मीटरचं आहे, विजेचे खांब आणि ओटे सोडून मोकळी रुंदी किती, हे मोजून लिहिलं तर मुद्दा टिकतो.

पट्ट्याच्या पुनर्विकासाबद्दल माझं मत संमिश्र आहे. एकेकटा वाडा पाडून त्या जागी सुटी उंच इमारत उभी करत जाण्यापेक्षा सगळा पट्टा एकत्र घेणं नियोजनाच्या दृष्टीने बरं. रस्ता, गटार, मोकळी जागा एकदम आखता येते. पण ते तडीस न्यायला पैसा आणि चिकाटी अफाट लागते. मुंबईत भेंडीबाजारात सुमारे साडेसोळा एकरांत अडीचशेच्या आसपास इमारतींचा असा प्रकल्प २००९ मध्ये एका विश्वस्त संस्थेने हाती घेतला. मागे भक्कम समाज आणि नफ्याची अपेक्षा नसलेली संस्था असूनही तो टप्प्याटप्प्याने वर्षानुवर्षं चालला आहे. नफ्यावर चालणारा विकसक आणि विखुरलेले रहिवासी असतील तर काय होईल, याचा अंदाज तुम्हीच करा. हरकतीत पट्ट्याला सरसकट विरोध करण्याऐवजी अटी मागा: संमती भाडेकरूंची मोजणार की मालकांची, संक्रमण शिबिर याच प्रभागात की शहराबाहेर, नव्या घराचं चटईक्षेत्र किमान किती, दुकानदाराला दुकान रस्त्याच्या तोंडालाच मिळणार का. रेराची, म्हणजे घरबांधणी नियामकाकडची, नोंदणी ही विक्रीच्या सदनिकांसाठी असते, मूळ रहिवाशांना तिचा आधार सहसा मिळत नाही. म्हणून पर्यायी जागेचा करार नोंदणीकृत असावा ही अट आत्ताच पुढे करणं शहाणपणाचं.

भाडेकरू म्हणून तुमची मोठी भीती वेगळीच असेल: आराखडा मंजूर व्हायच्या आधीच वाडा धोकादायक ठरवून पाडला जाईल. ही भीती मी हसण्यावारी नेणार नाही. मात्र दोन गोष्टी लक्षात ठेवा. इमारत पडली किंवा पालिकेने पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क आपोआप संपत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केलेलं आहे. आणि संरचनात्मक तपासणीत सी-१ म्हणजे रिकामी करून पाडण्याजोगी, सी-२ म्हणजे दुरुस्ती शक्य. अहवाल कुणी दिला, कोणत्या चाचण्यांवर दिला, ते मागा. पटत नसेल तर स्वतःच्या संरचना अभियंत्याकडून दुसरा अहवाल घ्या. भाडेपावत्या, वीजबिल, दुकानाचा परवाना आणि तुमच्या खोल्यांची मोजमापं यांचा एक संच घराबाहेर, नातेवाइकाकडे ठेवून द्या. पाडकाम करण्यापूर्वी तुमच्या चटईक्षेत्राची लेखी नोंद पालिकेने करावी असा अर्जही देऊन ठेवा.

वारशाचा मुद्दा थोडक्यात. वाडा वारसा वास्तूंच्या यादीत असेल तर श्रेणी कोणती ते बघा, सगळं त्यावर आहे. केंद्राने संरक्षित केलेलं स्मारक जवळ असेल, जसा पुण्यात शनिवारवाडा, तर त्याच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम निषिद्ध आणि पुढचे २०० मीटर नियंत्रित, हा २०१० च्या दुरुस्तीनंतरचा केंद्रीय कायदा आहे. अशा १०० मीटरांत महापालिकेचा आराखडा काहीही दाखवो, उंच इमारत येणार नाही. तिथल्या लोकांचं दुखणं उलटं आहे, त्यांना पडका वाडासुद्धा धड बांधता येत नाही.

उजेड कमी होईल, दृश्य जाईल, 'बाहेरचे लोक' येतील, हे मुद्दे हरकतीत घालू नका. पहिल्याला सामासिक अंतराच्या, म्हणजे इमारतीभोवती सोडायच्या मोकळ्या जागेच्या, आकड्यांचा आधार दिला तर थोडं वजन येतं. तिसरा मुद्दा तुमचे बाकीचे चांगले मुद्देही बुडवतो, आणि मला विचाराल तर तो बुडायलाच हवा.

हरकत घेऊन काही होतं का? हरकती ऐकणाऱ्या नियोजन समितीत महापालिकेच्या स्थायी समितीचे तीन सदस्य आणि बाहेरचे जास्तीत जास्त चार तज्ज्ञ असतात. प्रत्येकाला सुनावणीत मिळतात ती काही मिनिटं. कार्यालयात हरकती विषयवार गठ्ठ्यांत लावल्या जातात आणि एकाच मजकुराचे हजार अर्ज व्यवहारात एकच मुद्दा म्हणून वाचले जातात. त्या हजारांचं राजकीय वजन मात्र असतं, ते कमी लेखू नका. पुण्याच्या जुन्या हद्दीच्या आराखड्यावर २०१३ मध्ये सुमारे ८७ हजार हरकती आल्या. समितीतले नगरसेवक आणि तज्ज्ञ यांच्यात एकमत झालं नाही, दोन वेगळे अहवाल आले. शेवटी २०१५ मध्ये राज्य सरकारने आराखडा ताब्यात घेऊन आपली समिती नेमली आणि जानेवारी २०१७ मध्ये तो मंजूर झाला. म्हणजे गर्दीने आराखडा थांबतो, लांबतो, हात बदलतो. तुमच्या वाड्यासमोरची रेषा हलते ती तुमच्या स्वतंत्र अर्जाने.

तो अर्ज एका पानाचा असावा. वर मिळकतीचा नगर भूमापन क्रमांक, पेठ किंवा प्रभाग, नकाशाच्या भागाचा क्रमांक, तुमचं नातं: भाडेकरू, दुकानदार. मग एक परिच्छेद, साधारण असा: 'प्रारूप आराखड्यात अमुक नगर भूमापन क्रमांकासमोरील ९ मीटर रस्ता १२ मीटर प्रस्तावित आहे. त्यामुळे आमच्या दुकानाची ५ फूट खोली बाधित होते, मोजणीचा नकाशा सोबत आहे. समांतर असलेला अमुक रस्ता प्रत्यक्षात १२ मीटर असून वाहतूक त्याने वळवता येते. सबब प्रस्तावित रुंदीकरण रद्द करून रस्ता विद्यमान ९ मीटर कायम ठेवावा. तसं शक्य नसल्यास बाधित भाडेकरू दुकानदारांना त्याच रस्त्यावर पर्यायी गाळा देण्याची अट अहवालात समाविष्ट करावी.' शेवटचा अर्धा भाग, 'शक्य नसल्यास', महत्त्वाचा आहे. समितीला पूर्ण नकार देणं सोपं जातं. पर्याय समोर असेल तर काहीतरी द्यावंसं वाटतं. प्रत्येक विषयाचा अर्ज वेगळा करा. रस्ता, आरक्षण आणि पट्टा एकाच अर्जात कोंबलात तर तो एकाच गठ्ठ्यात जाईल आणि बाकीचे दोन मुद्दे हरवतील. मुदत राजपत्रातल्या सूचनेपासून मोजतात, वर्तमानपत्रात तुम्ही वाचल्यापासून नाही. पोच शिक्क्यासह घ्या. सुनावणीला स्वतः जा, मोजणीचा नकाशा मोठ्या कागदावर न्या, भाषण करू नका.

त्यानंतर बहुतेक लोक घरी बसतात, आणि खरी हालचाल तेव्हा होते. समितीचा अहवाल सर्वसाधारण सभेकडे, तिथून शासनाकडे. कलम ३१ खाली मंजुरी देताना शासन मोठे बदल करणार असेल तर ते भाग वगळून पुन्हा हरकती मागवतं. नगररचनेत त्यांना 'ईपी' म्हणतात. तुमच्या रस्त्याची रेषा महापालिकेने काढली आणि ईपीमध्ये ती परत आली, असं होऊ शकतं. ती सूचना लहान अक्षरांत येते आणि सभा-मोर्चे तोवर विरलेले असतात. मंजुरीनंतरही कलम ३७ खाली फेरबदल होतात, आणि कलम १५४ खाली शासन थेट निर्देशही देतं.

नियमातल्या एका दुरुस्तीने काय होतं ते गिरणगावाने बघितलं आहे. १९९१ च्या नियमाप्रमाणे गिरण्यांच्या जमिनीचा साधारण तिसरा हिस्सा मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, तिसरा घरांसाठी म्हाडाला आणि उरलेला मालकाला असं सूत्र होतं. २००१ च्या दुरुस्तीत हे वाटप सगळ्या जमिनीऐवजी फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीला लागू झालं. गिरण्यांची बहुतेक जमीन बांधकामाखालची, त्यामुळे शहराच्या वाट्याला फारच थोडी आली. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये लोकांच्या बाजूने निकाल दिला, सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये दुरुस्ती कायम ठेवली. एकंदर प्रश्न सुमारे ६०० एकरांचा होता. दुरुस्ती झाली त्या वेळी तिची चर्चा फारशी झाली नव्हती. लक्षात आलं तेव्हा प्रकरण न्यायालयात नेण्यावाचून मार्ग उरला नव्हता. आणि न्यायालय प्रक्रियेतली चूक दुरुस्त करतं, नियोजनाचं धोरण सहसा बदलत नाही.

म्हणून आळीत दोन माणसं नेमा, ज्यांना मोर्चाची नव्हे तर कागदाची आवड आहे. त्यांनी राजपत्र आणि महापालिकेच्या संकेतस्थळावरच्या सूचना नियमित बघायच्या, पोचपावत्या एका फायलीत लावायच्या, आणि महिन्यातून एकदा नगररचना कार्यालयात जाऊन तुमच्या भाग नकाशाची सद्यस्थिती विचारायची. या आठवड्यात मात्र आधी टेप घ्या, रस्ता आणि दुकान मोजा, आणि झोन दाखल्यासह भाग नकाशाची प्रमाणित प्रत मागवण्याचा अर्ज टाका. ती हातात येईपर्यंत हरकतीची मुदत संपत असेल तर मोजणीच्या आकड्यांवरच अर्ज द्या आणि 'प्रमाणित प्रत मिळाल्यावर पूरक निवेदन देऊ' अशी ओळ खाली घाला.